‘एच’ : खाऊ घालणारे क्रियापद

इंग्रजी कादंबऱ्यांत आणि वृत्तपत्रांत एक वाक्यप्रयोग वरचेवर आढळतो. एखादा प्रसंग एखाद्याच्या स्मृतीवर ‘एच’ झाला आहे, असे तेथे म्हटलेले असते. त्याचे मराठी करताना अनुवादकाची लेखणी सहसा अडखळत नाही. तो प्रसंग मनावर कोरला गेला, असे लिहून ती पुढे सरकते. वाचकालाही त्यात काही खटकत नाही. परंतु कोरण्याच्या क्रियेसाठी इंग्रजीत ‘कार्व्ह’ आणि ‘एन्ग्रेव्ह’ अशी दोन क्रियापदे स्वतंत्रपणे उपलब्ध असताना तिसऱ्याची गरज का भासावी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे ध्यानात येते की, ‘एच’ या क्रियापदाचा अर्थ कोरणे हा नव्हेच. त्यात कोणी काही कोरीत नाही. (इंग्रजी वर्णमालेतील आठव्या अक्षराच्या नावाशी या शब्दाचा संबंध नाही, हे येथेच सांगितलेले बरे. त्या नावातील स्वर दीर्घ आहे, या क्रियापदातील ऱ्हस्व.)

हा भेद समजण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापण्याच्या दोन जुन्या रीती जवळून पाहाव्या लागतात. पहिल्या रीतीत कारागीर पोलादी कोरणी हाती घेतो, तिची मूठ तळव्यात दाबून धरतो आणि टोक पत्र्यात रुतवून पुढे ढकलीत नेतो. कोरणीपुढे तांब्याची बारीक चिरी वळत वळत निघते व मागे खाच राहते. जोर वाढवला की रेघ रुंद होते, कमी केला की निमुळती होत संपते. वळणदार रेघ काढावयाची असेल तर हात वळवण्यापेक्षा पत्राच फिरवणे सोयीचे पडते. हे काम वर्षानुवर्षांच्या सवयीनेच साधते. आपल्याकडील ताम्रपटांवरील अक्षरे धातूवर हत्याराचाच घाव घालून उमटवलेली आहेत. छपाईसाठी याच रीतीचा उपयोग केल्याचे मराठी मुलखातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८०५ मध्ये मिरजेस छापली गेलेली भगवद्गीता. तांबट कारागिराने तिची अक्षरे पत्र्यावर उलटी कोरली आणि शाई भरून ती कागदावर सुलटी उमटवली. या क्रियेला ‘कोरणे’ हा शब्द अगदी यथार्थ आहे.

दुसरी रीत निराळी. तीत पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात व तो मेणबत्तीच्या धुरावर धरून काळा करतात. चित्रकार या काळ्या थरावर सुईने चित्र काढतो. सुई तांब्यात रुतत नाही, नुसते मेण खरवडते. जेथे मेण निघते तेथे तांबे उघडे पडून लखलखते. त्यामुळे सुईखालचे चित्र काळ्यावर तांबूस, म्हणजे छापल्यावर दिसावयाचे त्याच्या बरोबर उलट, दिसत असते. हातासमोर धातूचा विरोध नसल्याने ही रेघ कागदावरील टाकाच्या रेघेसारखी मोकळी फिरते. नंतर पत्रा अम्लात बुडवतात. नायट्रिक अम्ल असेल तर उघड्या रेघांवर बुडबुडे जमू लागतात आणि द्रव हळूहळू निळा होतो. ते बुडबुडे पक्ष्याच्या पिसाने हलकेच बाजूला सारावयाचे, एवढेच काम आता माणसाकडे उरते. बाकी काम अम्ल करते. मेणाला ते स्पर्श करीत नाही, तांब्याला खाते.

चित्रातील फिकट भागाच्या रेघा पुरेशा खोल झाल्या की पत्रा बाहेर काढून त्या रेघा रोगणाने बुजवतात व पत्रा पुन्हा अम्लात सोडतात. गडद भाग अधिक वेळ खाल्ला जातो. म्हणजे कोरलेल्या चित्रात काळेपणा हाताच्या जोरावर ठरतो, तर येथे तो मुख्यतः काळावर ठरतो. छपाईची पुढची कृती दोन्हीकडे सारखीच आहे : खाचांत शाई भरावयाची, पृष्ठभाग पुसून घ्यावयाचा आणि ओलसर कागद त्यावर दाबाने चेपावयाचा. इंग्रज कारागिरांच्या बोलीत अम्ल पत्र्याला ‘चावते’. रेघ कमी खोल झाली तर चावा उथळ पडला असे ते म्हणतात, आणि मेणाचा थर कोठे कच्चा राहून नको तेथे टिकल्या पडल्या तर तो गलिच्छ चावा ठरतो. फ्रेंचमध्ये या अम्लाचे नावच मुळी ‘चावणारे’ अशा अर्थाचे आहे. मराठीतही गंजाने सळई खाल्ली, वाळवीने चौकट खाल्ली, असे आपण म्हणतोच. तेव्हा ही कल्पना परकी नाही. परका आहे तो शब्द, आणि त्याचा प्रवास.

या कलेचा उगम चित्रशाळेत नव्हे, शस्त्रागारात झाला. चिलखतांवर वेलबुट्टी उठवण्यासाठी युरोपातील शस्त्रकार पोलादावर अम्लाचा प्रयोग करीत असत. जर्मनीतील औग्सबुर्ग येथील डानिएल होप्फर हा याच धंद्यातला कारागीर. सुमारे १५०० च्या आसपास त्याने ही युक्ती छपाईच्या पत्र्यांकडे वळवली, असे मानले जाते. त्याचे पत्रे लोखंडी होते. थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यानेही १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर अशी मोजकी चित्रे केली आणि मग ती वाट सोडून दिली. लोखंडावर उठणारी रेघ जाडीभरडी, शिवाय पत्रा गंजतो तो वेगळाच. ड्यूररसारख्या कोरणीच्या बादशहाला ती मानवली नसल्यास नवल नाही. १५२० मध्ये नेदरलंड्समधील लुकास फान लायडन याने सम्राट माक्सिमिलिआनचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर केले. जर्मनीत जन्मलेली ही कला पुढील शतकात बहरली ती मात्र डच भूमीत.

शब्दही कलेच्या मागोमाग गेला. जर्मनमध्ये या क्रियेला ‘एत्सन’ म्हणतात; डच भाषेने तोच शब्द जवळजवळ त्याच उच्चाराने घेतला; आणि सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात तो इंग्रजी लेखनात ‘एच’ या रूपाने दिसू लागला. येथे एक शंका साहजिकच उद्भवते. डच आणि जर्मन या बहिणी आहेत. मग हा शब्द दोघींना एकाच आईकडून मिळाला नसेल कशावरून? याचा पुरावा शब्दाच्या अंगावरच आहे, आणि तो मराठी वाचकाला इतर कोणापेक्षा सहज कळण्यासारखा आहे.

संस्कृतमधील ‘द’च्या जागी जर्मानिक भाषांत ‘ट’ येतो, हा तौलनिक भाषाशास्त्रातील प्रसिद्ध नियम होय. ‘दश’ला इंग्रजीत ‘टेन’, ‘द्वौ’ला ‘टू’. डच भाषेनेही हा ‘ट’ टिकवला : दहाला ती ‘टीन’ म्हणते, दोनला ‘ट्वे’. दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातील जर्मनमध्ये मात्र या ‘ट’चा पुन्हा एकदा पालट झाला आणि तेथे ‘त्स’ किंवा ‘स’ आला. म्हणून जर्मन माणूस दहाला ‘त्सेन’ आणि दोनला ‘त्स्वाय’ म्हणतो. आता ‘खाणे’ पाहा. इंग्रजीत ‘ईट’, डचमध्ये ‘एटन’, जर्मनमध्ये ‘एसन’. ‘एत्सन’ हा शब्द डच भाषेच्या घरचा असता तर त्यातही ‘ट’च असावयास हवा होता. त्यातील ‘त्स’ हा दक्षिणेकडील जर्मन प्रदेशाचा शिक्का आहे. चोरीच्या भांड्यावर मूळ मालकाचे नाव राहून जावे, तसे हे झाले.

पुढचा टप्पा इंग्रजीचा. मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत, एक ‘चाक’मधला, दुसरा ‘चार’मधला. लिपी त्यांच्यात भेद करीत नाही, जीभ करते. डच क्रियापदाच्या मुळात जो ध्वनी आहे तो ‘चाक’मधील ‘च’, आणि इंग्रजी ‘एच’मधील ध्वनी म्हणजे ‘चार’मधील ‘च’. क्रियापदाच्या मुळाशी ‘चाक’मधला ‘च’ असण्याची इंग्रजीला सवय नव्हती. तिने त्याच्या शेजारचा, आपल्या ओळखीचा ‘च’ वापरला. याच काळात याच वाटेने आलेला दुसरा एक शब्द या तर्काला पुष्टी देतो. ‘स्केच’ हा शब्द डच ‘स्खेत्स’ याच्यापासून आला असून तेथेही ‘त्स’चा असाच ‘च’ झाला आहे. डच भाषेने तो शब्द इटालियनकडून घेतला होता, आणि इटालियनमध्ये त्याचा मूळ अर्थ चिळकांडी किंवा शिंतोडा असा. झटक्यात उडवलेल्या रेघांना तो शोभतोही.

डचांकडून त्या काळी इंग्रजांनी चित्रकलेची परिभाषाच उचलली असे म्हणावयास हरकत नाही. निसर्गदृश्याला इंग्रजीत वापरला जाणारा ‘लँडस्केप’ हा शब्द डच आहे. चित्रफलक ज्यावर टेकवतात त्या चौकटीला इंग्रजीत ‘ईझल’ म्हणतात. डच भाषेत त्याचा अर्थ गाढव असा आहे. ओझे वाहणाऱ्या लाकडी सांगाड्याला जनावराचे नाव देण्याची रीत आपल्याकडेही आहे, फक्त आपले सुतार आणि रंगारी त्याला घोडी म्हणतात. या देवघेवीचे नवल असे की, १६५२ ते १६७४ या अवघ्या बावीस वर्षांत इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात तीन समुद्रयुद्धे झाली. तोफा डागल्या जात होत्या आणि शब्द येतच होते. माणसेही येत होती. अँटवर्पचा फान डाइक १६३२ मध्ये लंडनच्या दरबारात दाखल झाला. प्रागचा वेन्सेस्लॉस हॉलर १६३६ च्या अखेरीस अरंडेलच्या अर्लबरोबर इंग्लंडात आला आणि अम्लाने केलेल्या त्याच्या चित्रांतून लंडन शहर, १६६६ च्या महाआगीपूर्वीचे आणि नंतरचे, पुढील पिढ्यांसाठी शिल्लक राहिले. १६६२ मध्ये विल्यम फेथॉर्न याने या कलेवरील आब्राआम बॉसचा फ्रेंच ग्रंथ इंग्रजीत आणला, तेव्हा इंग्लंडमध्ये या क्रियापदाचा वावर सुरू होऊन एक पिढी लोटली होती.

आता शब्दाच्या गाभ्याकडे वळू. जर्मन ‘एत्सन’ हे ‘एसन’, म्हणजे खाणे, या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. मराठीत ‘चरणे’पासून ‘चारणे’, ‘पडणे’पासून ‘पाडणे’, ‘मरणे’पासून ‘मारणे’ ही रूपे होतात, म्हणजे आतला स्वर बदलला की स्वतः करण्याची क्रिया दुसऱ्याकडून करवण्याची होते. जर्मानिक भाषांतही हीच युक्ती होती. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे, आणि झाड पाडणे म्हणजे ‘फेल’. त्याच साच्यातून खाण्यापासून खाववण्याचे क्रियापद घडले. तेव्हा ‘एच’चा व्युत्पत्तीने निघणारा अर्थ ‘खावविणे’, अधिक मराठमोळ्या शब्दांत ‘चारणे’, असा होतो. चित्रकार तांबे कोरीत नाही; तो ते अम्लाला चारतो. कोणता भाग चारावयाचा आणि किती वेळ, एवढे ठरवणे हीच त्याची कला.

जर्मनमध्ये या क्रियापदाचे एक जुळे भावंड अद्याप जिवंत आहे. ‘आत्सन’ हा शब्द शिकारी आणि पक्षिनिरीक्षक वापरतात. पक्षीण पिलांच्या चोचीत घास भरवते त्या क्रियेला तो लावतात. एकाच मुळापासून एक शब्द घरट्याकडे गेला आणि दुसरा तेजाबाच्या कुंडीकडे. जुन्या इंग्रजीतही या प्रयोजकाचे स्वतःचे रूप होते व त्याचा अर्थ कुरणात गुरे चारणे असा होता. पुढे ते लोपले. म्हणजे डच भाषेकडून इंग्रजीने जे घेतले ते तिचेच हरवलेले आप्त होते, वेष पालटून परत आलेले. कुरतडून खाण्यासाठी इंग्रजीकडे ‘फ्रेट’ हे आणखी एक घरचे क्रियापद होते. गंज किंवा किडा खातो तसे खाणे, असा त्याचा मूळ अर्थ. आज ते मनातल्या मनात झुरणे, चिंता करणे या अर्थी उरले आहे. हे अर्थांतर मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अपराध करणाऱ्याला त्याचे मन खाते, असे आपण म्हणतोच.

या साऱ्यांचे मूळ संस्कृत ‘अद्’ या धातूशी जुळते. ‘अत्ति’ म्हणजे खातो, ‘आदयति’ म्हणजे खाऊ घालतो. आणि ‘अन्न’ हा आपल्या नित्य वापरातला शब्द त्याच धातूपासून झालेला आहे. ‘दन्त’ हा शब्दही मुळात ‘खाणारा’ अशा अर्थाचे त्याच धातूचे रूप असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तैत्तिरीय उपनिषदात ‘अन्न’ शब्दाचा उलगडा करताना जे खाल्ले जाते आणि जे स्वतःही भूतांना खाते ते अन्न, असा दुहेरी अर्थ सांगितला आहे. अम्लाच्या कुंडीजवळ उभ्या असलेल्या छापकाराला तो सहज पटावा. अम्ल तांबे खाते खरे, पण खाता खाता स्वतःही क्षीण होते. निळे पडून निःसत्त्व झालेले अम्ल त्याला फेकून द्यावेच लागते. ‘तेजाब’ या फारसीतून आलेल्या आपल्या शब्दाचा अर्थ ‘तीक्ष्ण पाणी’ असा आहे, आणि नायट्रिक अम्लाचे जुने लॅटिन व डच नाव ‘जालीम पाणी’ अशाच धर्तीचे आहे. इतक्या लांबलांबच्या लोकांना त्या द्रवात प्रथम पाणी दिसले आणि मग त्याचे दात.

रेम्ब्रँटने या रीतीने सुमारे तीनशे चित्रे केली. कोरणीचे कसब अंगी बाणवण्यात आयुष्य घालवण्याची त्याला गरज पडली नाही, कारण सुई तो रेखाटनाच्या लेखणीसारखीच चालवीत असे. त्याला जे हवे ते, म्हणजे काळोखाच्या निरनिराळ्या खोली, अम्ल त्याला देत असे. जेथे ते पुरले नाही तेथे तो पत्र्यावर उघड्या सुईने पुन्हा काम करी. १६५६ मध्ये तो कर्जबाजारी ठरला आणि त्याच्या संग्रहाची मोजदाद झाली. त्याच वर्षाचे ‘अब्राहाम देवदूतांचे आतिथ्य करतो’ हे त्याचे अम्लरेखन भारतीय वाचकाने मुद्दाम पाहावे असे आहे. मोगल शैलीची लघुचित्रे त्याच्या पाहण्यात आली होती आणि त्यांवरून त्याने वीसहून अधिक रेखाटने केली. त्यांपैकी झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचे एक रेखाटन लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. या चित्रातील देवदूत त्या वृद्धांसारखे जमिनीवर, पंगतीला बसावे तसे बसले आहेत. मधोमध ताट आहे आणि यजमान अब्राहाम हाती सुरई घेऊन अदबीने वाकला आहे. दारामागे सारा ऐकत उभी आहे. पाश्चात्त्य चित्रकार हा प्रसंग बहुधा मेजाभोवती रंगवीत. येथे बैठक हिंदुस्थानी आहे. खाऊ घालणे असा अर्थ पोटात बाळगणाऱ्या कलेने रेखाटलेला विषयही अन्नदानाचाच असावा, हा केवळ योगायोग आहे आणि त्याला याहून अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही.

परत अनुवादकाच्या अडचणीकडे. इंग्रजी बोलणाऱ्यांना स्वतःला आज ‘एच’मधले खाणे जाणवते असे नाही. दगडावर ‘एच’ केलेल्या आज्ञा असा प्रयोग ते सर्रास करतात. दगडावर तर छिन्नीच चालते. अशा ठिकाणी ‘कोरणे’ लिहिल्याने मूळचे काही हरपत नाही. परंतु जाणता लेखक जेव्हा हा शब्द निवडून वापरतो, तेव्हा बहुधा त्याला सावकाश, आपोआप, वेदनेने खोल जाणारी खूण अभिप्रेत असते. एका घावाने पडलेली खूण त्याला सांगावयाची नसते. मराठीत मनावर बिंबणे, ठसणे आणि कोरले जाणे हे तीन प्रयोग एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः पहिल्यात आरसा आहे, दुसऱ्यात छापाचा दाब, तिसऱ्यात हत्यार. चौथी, झिजवीत खोल जाणारी छटा हवी असेल तर ‘दुःखाने चेहऱ्यावर रेघा खाल्ल्या’ असे धिटाईने लिहावे लागेल. ते प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, पण गंज आणि वाळवी यांच्या संगतीत वाढलेल्या भाषेला ते पचण्यासारखे आहे.

शास्त्रीय लेखनात अडचण निराळी आहे. ‘अम्लरेखन’ हा संस्कृतोद्भव पारिभाषिक शब्द मराठीत रूढ झाला आणि चित्रकलेपुरता तो उत्तम आहे. मात्र तो घडवताना क्रियेऐवजी साधनाला नाव दिले गेले. आजचे संगणक ज्या सिलिकनच्या चकत्यांवर चालतात, त्यांवरील सूक्ष्म रेषा बहुतांशी फ्लोरिनसारख्या मूलद्रव्यांच्या विद्युत्भारित वायूने खाल्ल्या जातात. मेणाच्या जागी तेथे प्रकाशसंवेदी लेप असतो, आणि लेप निघालेला भागच खाल्ला जातो. रीत तीच, इंग्रजी व डच क्रियापदही तेच. परंतु तेथे अम्लाचा थेंबही नसतो, आणि ‘अम्लरेखन’ हा शब्द तेथे लिहिता येत नाही.